गृहारोग्य : घोटाघोटाची चिंता

अर्धांगवायूचा झटका ओसरून रोगी घरीं आला, म्हणजे सगळें घर त्याच्या लुळ्या हातापायांकडे पाहत राहतें. गळ्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. वस्तुतः मेंदूच्या इजेनें गिळण्याची क्रिया बिघडली, कीं अन्नपाण्याचा अंश श्वासनलिकेंत उतरतो व त्यांतून न्युमोनिया उद्भवतो. ठसका लागेल तेव्हां कळेलच, हा भरंवसा व्यर्थ आहे. कित्येकांना ठसकाही येत नाहीं. जेवतांना आवाज ओलसर, घरघरता झाला, तर तीच सूचना समजावी.

आमच्या एका आप्ताकडे सूनबाईंनीं मोठ्या भक्तिभावानें सासऱ्यांना निजल्या निजल्या तीर्थ पाजलें. तिसऱ्या दिवशीं ताप भरला. बिचारीला दोष कसा द्यावा? पातळ पाणीच गिळावयास सर्वांत अवघड असतें, हें तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें. काय व किती दाट द्यावें, हें गिळणें तपासून तज्ज्ञानेंच ठरवावें. रोग्यास ताठ बसवून लहान घोट द्यावा. जेवणानंतरही अर्धा तास निजवूं नये. दोन्ही वेळां दांत घासावे, कारण तोंडांतील जंतूच फुप्फुसांत जातात.

आणि उठवतांना लुळा हात कदापि ओढूं नये. स्नायूंचा आधार सुटल्यानें खांद्याचा सांधा निखळूं पाहतो, व तें दुखणें महिनोन् महिने पुरतें.