डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

जालन्याच्या बाजारात एखाद्या कापड दुकानदाराला विचारा की हिशेबाची दुसरी प्रत ठेवता का, तर बहुधा उत्तर मिळते, "ठेवतो की, डी ड्राइव्हमध्ये आहे." आम्हीही बरीच वर्षे हेच उत्तर देत होतो. ते किती कच्चे होते हे आम्हाला ऐन रमजानच्या हंगामात कळले.

झाले असे की आमच्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह भरला आणि मशीन रखडत चालू लागले. दुरुस्तीला आलेल्या मुलाने सांगितले, सी वाढवायचा तर शेजारचा डी मागे सरकवावा लागेल. त्याचे म्हणणे चूक नव्हते. विंडोजला सी वाढवण्यासाठी त्याला लागूनच मोकळी जागा लागते, आणि तिथे नेमका डी बसलेला असतो. त्याने सरकवण्याचे सॉफ्टवेअर लावले, काम अर्ध्यावर आले आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच संपली होती. तो टेबलाखाली नुसता हिरवा दिवा दाखवत बसला होता. लाइट आल्यावर सी उघडला, डी उघडेना. टॅलीचे मूळ खाते आणि त्याची प्रत, दोन्ही डीमध्येच होती.

अंबड, घनसावंगी, मंठा या भागातील आमच्या गिऱ्हाइकांची उधारी कापूस विकल्यावर फिटते. अकरा महिन्यांची ती उधारी गोळा करण्यासाठी आम्ही जुनी बिलबुके, खिशातल्या चिठ्ठ्या, मुलाच्या मोबाइलमधले फोटो सारे धुंडाळले. शेवटी गिऱ्हाइकांनाच विचारावे लागले. बहुतेकांनी रक्कम आपणहून सांगितली, काहींनी तर आमच्या अंदाजापेक्षा जास्त. ज्यांना आठवेना त्यांच्याशी आम्ही वाद घातला नाही. वही आमची हरवली, त्यांनी का शपथ घ्यावी? त्या वर्षीची जकात मात्र अंदाजाने, थोडी चढीच काढावी लागली.

पार्टिशन म्हणजे एकाच खोलीत घातलेली प्लायवूडची भिंत. अलीकडे गल्ला, पलीकडे तागे. तिचा उपयोग आहेच. विंडोज बिघडून सी फॉरमॅट करावा लागला तरी डीमधला हिशेब शाबूत राहतो. पण खोलीलाच आग लागली तर भिंत काय करणार? हार्ड डिस्क बंद पडली, मशीन चोरीस गेले किंवा व्हायरसने फायलींना कुलूप घातले, तर सी आणि डी एकदमच जातात.

हा विषय आजच काढण्याचे कारण असे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. त्यामुळे दुकानोदुकानी मशीन बदलणे, फॉरमॅट करणे चालू आहे. आमचे म्हणणे एवढेच की, कारागिराला हात लावू देण्यापूर्वी पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, ती उघडून पाहा आणि मग ती डिस्क काढून खिशात ठेवा. ती लावलेली राहिली तर डिस्क ० आणि डिस्क १ यांत गफलत होऊन नेमकी प्रतच पुसली जाते. टॅलीचे खाते १०००० अशा नुसत्या आकडी नावाच्या फोल्डरमध्ये असते, ते कचरा समजून पुसू नका. नव्या मशीनवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली आधी कागदावर उतरवून घ्या. आणि बॅटरी धड असल्याशिवाय पार्टिशनला हात लावू देऊ नका, पोरगा कितीही घाई करो.

एवढे करूनही पार्टिशन पुसले गेलेच, तर मशीन तत्काळ बंद करा. जुन्या फिरत्या डिस्कवर आधी फक्त नोंद पुसली जाते, माल जागेवरच असतो. त्यावर नवे काही लिहिले नाही तर पुष्कळदा परत मिळतो. एसएसडीमध्ये ती आशा फार कमी, कारण ती मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करून टाकते.

प्रत किती दूर असावी याचा धडा मोठ्यांनाही मिळाला आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, आणि आपला माल जिथून परदेशी जातो त्या न्हावा शेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कंपनीच्या जगभरच्या जाळ्याची जी मुख्य नोंद असते, तिच्या सर्व प्रती एकमेकींना जोडलेल्या होत्या, म्हणून सर्व गेल्या. वाचली ती एकच, घाना देशातली, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती! आमची प्रत ज्या कारणाने गेली, त्याच कारणाने त्यांची वाचली. तारेला जोडलेली प्रत आणि तारेपासून सुटलेली प्रत यांतला फरक आम्हाला तेव्हा उमजला.

कायद्याचेही बंधन आहे. जीएसटीचा हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो, आणि नियम ५७ प्रमाणे कॉम्प्युटरवरील हिशेबाची अशी प्रत हवी की अपघात झाला तरी तो वाजवी वेळेत परत उभा करता यावा. शिलाईचे, जरीचे नमुने मशीनमध्ये ठेवणाऱ्या कारागिरांना नियम विचारणार नाही, पण नमुना गेला तर नुकसान तेवढेच.

आता आम्ही दोन डिस्क ठेवतो. दर जुम्याला नमाजपूर्वी एकीवर प्रत घेतो, ती घरी जाते आणि घरची दुकानात येते. महिन्यातून एकदा भाच्याच्या मशीनवर वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत उघडून एका गिऱ्हाइकाची बाकी ताडून पाहतो. चालू खात्यावरच ती उतरवली तर ताज्या नोंदी दबून जातात, म्हणून वेगळा फोल्डर. मध्यंतरी यातली एक डिस्क उघडलीच नाही. त्या दिवशी आम्ही दुसरी घरून मागवली, बाकी ताडली आणि संध्याकाळी नवी डिस्क विकत आणली.