सहा मिनिटांत समुद्र किती दूर?

आमच्या ब्राह्मणपुरीतून मुंबईला जाणे म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी दुखण्यासाठी जाणे. शहाद्याला तपासण्या होतात, नंदुरबार नाहीतर धुळ्याला दाखवून होते, आणि मग 'परळला घेऊन जा' अशी चिठ्ठी हातात पडते. नंदुरबारहून सुरतमार्गे रात्रीची गाडी, सोबत फाइल आणि भाकरीचा डबा. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे डॉक्टरांचे बोलणे मला समजेल असा गावाचा समज आहे आणि सोबतीला बऱ्याचदा मलाच नेले जाते.

मागच्या खेपेला ज्या काकांबरोबर गेलो, त्यांचा क्षयरोग बरा होऊन चार वर्षे झाली आहेत. जंतू गेले, पण फुप्फुसावर व्रण राहिले. असे अनेकांचे होते. थुंकीची तपासणी स्वच्छ येते, गोळ्या बंद होतात, कागदोपत्री माणूस बरा होतो. मात्र जिना चढताना पाचव्या पायरीला कठडा धरावा लागतो. त्यांची 'सहा मिनिटे चालण्याची' चाचणी झाली. ही चाचणी फार साधी आहे. तीस मीटरचा सपाट बोळ, दोन टोकांना खुणा, हातात घड्याळ. सहा मिनिटांत जमेल तितके चालायचे. दम लागला तर थांबायला हरकत नाही, घड्याळ मात्र थांबत नाही. शेवटी किती मीटर झाले ते लिहितात. धडधाकट प्रौढ माणूस साधारण 400 ते 700 मीटर चालतो. काकांचा आकडा आला 310.

परतीच्या गाडीला वेळ होता. काका म्हणाले, "सर, मुंबईत समुद्र असतो म्हणतात. इतक्या वेळा आलो, दिसला नाही कधी." आम्ही शिवडी स्टेशनवर उतरलो.

परळ-शिवडी हा भाग मुंबईच्या पूर्व किनाऱ्याला लागून आहे. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतची शेकडो हेक्टर किनारपट्टी मुंबई बंदराच्या ताब्यात. 1989 मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, हळूहळू मालवाहतूक तिकडे सरकली आणि इकडच्या गोद्या, वखारी, बंदराच्या रेल्वेचे रूळ ओस पडू लागले. या जमिनीचा पुनर्विकास करायचा, मुंबईकरांना पूर्वेचा समुद्र खुला करून द्यायचा, अशी चर्चा दहा-बारा वर्षे सुरू आहे. जमीन खुली करायची तर तिथवर पोहोचायची सोय आधी हवी, हे सगळ्यांनाच मान्य आहे. माझा प्रश्न आहे तो पोहोचणार कोण, याचा.

आतापर्यंत झालेली मोठी कामे पाहा. 2013 मध्ये पूर्व मुक्तमार्ग आला, जवळजवळ 17 किलोमीटरचा, बराचसा खांबांवरून जाणारा. दुचाकीला बंदी. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडीहून निघणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. दुचाकी, रिक्षा आणि पायी माणूस तिथेही वर्ज्य. मोटारीला सुरुवातीचा टोल एका फेरीस 250 रुपये. शिवनेरी आणि बेस्टच्या काही गाड्या त्यावरून धावतात, तेवढाच सार्वजनिक वाहतुकीला हात. ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत बोगद्याचे काम चालू आहे. शिवडी-वरळी जोडरस्ता उभा राहतो आहे आणि त्यासाठी सप्टेंबर 2025 मध्ये एल्फिन्स्टनचा जुना पूल पाडायला बंद झाला. तो पूल केईएम आणि टाटाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रोजच्या वाटेवर होता. समुद्रावरचा पूल शहराला जोडायचा म्हणून रुग्णांच्या वाहनांना वळसा पडला. पुढे सोय होईल, हे खरे. रुग्णवाहिकेलाही वेगवान रस्ता लागतोच, आणि मुक्तमार्गाने अनेकांचा तासाभराचा खोळंबा वाचवला आहे. पण ही सगळी कामे किनाऱ्याच्या वरून, खालून किंवा पलीकडे जाणारी आहेत. किनाऱ्यापर्यंत नेणारे त्यांत फार थोडे आहे.

शिवडी स्टेशनपासून धक्का दीडेक किलोमीटर. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला लोक येतात तो हाच धक्का. वाट रेल्वेच्या पूर्वेकडून, तेलाच्या टाक्या आणि वखारींच्या भिंतींमधून जाते. पदपथ आहे म्हणावा तर आहे, नाही म्हणावा तर नाही. टँकर आणि ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, सावली नाही, टेकायला बाक नाही. काकांच्या हिशेबाने दीड किलोमीटर म्हणजे एकोणतीस मिनिटे, तीही सपाट, थंड, रिकाम्या बोळात. स्टेशनचा जिना आणि रस्त्यावरची धूळ या हिशेबात धरलेली नाही. आम्ही निम्म्यातून परत फिरलो.

नगररचनाकार स्टेशनभोवती 500 ते 800 मीटरचे वर्तुळ काढून आतला भाग 'चालण्याजोगा' धरतात. काढणाऱ्याचा हात धडधाकट माणसाचा असतो. कंपासने काढलेल्या वर्तुळाला रूळ, भिंती आणि न ओलांडता येणारा रस्ता दिसत नाही. मुंबईच्या हार्बर मार्गावर शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड अशी ओळीने स्टेशने किनाऱ्याला समांतर आहेत. इतकी स्टेशने इतक्या जवळ असणारा किनारा कोणत्याही शहराने भाग्य समजावे. आपण त्याच्याकडे पाठ करून बसलो आहोत.

यात श्वासाचाही भाग आहे. मोठ्या रस्त्यालगतच्या हवेत धुराचे सूक्ष्म कण सर्वांत दाट असतात, आणि काहीशे मीटर दूर गेल्यावर ते बरेच विरळ होतात. म्हणजे कोण किती अंतरावरून चालतो, यावर त्याच्या फुप्फुसात काय जाते हे ठरते. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये जाहीर केले. गाड्या विजेच्या झाल्या तरी टायर आणि ब्रेकची झीज हवेत उडतच राहते. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांसाठी आपल्याकडची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना 5 म्हणते. खांबांवरच्या रस्त्याखाली दुसरा रस्ता असेल आणि त्याच्या कडेला वस्ती, तर त्या वस्तीला दोन्हींचा धूर मिळतो. डॉकयार्ड रोडपासून भाऊच्या धक्क्याकडे जाताना पी. डिमेलो रस्ता ओलांडायला उभे राहा म्हणजे कळेल.

गंमत अशी की मुंबईत रस्ते एकदा खरोखरच आरोग्यासाठी बांधले गेले, आणि त्याची सुरुवातही याच किनाऱ्यावरून झाली. सप्टेंबर 1896 मध्ये गोद्यांलगतच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दोन वर्षांनी, 1898 मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राची हवा दाट वस्तीत खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. विज्ञान म्हणून तर्क चुकला होता. प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ यांनी त्याच 1898 साली कराचीत दाखवले. दुसरी चूक जास्त महागात पडली. घरे पाडली भराभर, बांधली सावकाश. उठवलेली माणसे शेजारच्या गल्ल्यांत शिरली आणि तिथली गर्दी वाढली. आज दारुखाना, रे रोड, शिवडी इथे बंदराच्या जमिनीवर हजारो कुटुंबे राहतात. क्षयरोगाला लागते ती कोंदट खोली आणि दाटीवाटी. त्यांना उठवून शेजारीच आणखी दाटीत ढकलले, तर नव्या रस्त्याचा आरोग्याला काय उपयोग?

लंडनच्या गोद्या 1981 पर्यंत बंद पडल्या. तिथे 1987 मध्ये हलकी रेल्वे सुरू झाली. सुरुवातीला ती इतकी लहान होती की लवकरच वाढवावी लागली, पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून बरोबर होती: फलाट आणि डबा एका पातळीत, आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस रस्त्यापासून डब्यापर्यंत स्वतः जाऊ शकेल अशी स्टेशने. गर्दीचा अंदाज चुकला तर डबे वाढवता येतात. पायरी मात्र एकदा बांधली की ती पन्नास वर्षे तिथेच राहते.

वडाळ्याहून गेटवेपर्यंत मेट्रो 11 आखली आहे, ती बव्हंशी भुयारी. व्हायला वर्षे लागतील. तोवर थांबायचे कारण नाही. हार्बरच्या प्रत्येक स्टेशनापासून किनाऱ्यापर्यंत एक सलग, सावलीचा पदपथ, दर शंभर मीटरवर बाक, ट्रकच्या वेळा ठरवून दिलेला रस्ता आणि वीस मिनिटांनी सुटणारी छोटी विजेची बस, एवढे बोगद्याच्या खर्चापुढे चिल्लर आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोरा, रेवसच्या लाँच सुटतात, मांडव्याची रो-रो 2020 पासून तासाभरात पलीकडे नेते. तिथून गाठता येईल असा स्टेशनचा रस्ता धड केला तरी उरण-अलिबागच्या रुग्णाला परळ जवळ येईल.

आणि आराखडा मंजूर करण्याआधी एक चाचणी लावावी. 310 मीटरवाल्या माणसाला घेऊन स्टेशनच्या दारात उभे राहावे, घड्याळ सुरू करावे, आणि तो कुठे थांबतो ते नकाशावर लिहावे.

काकांची फेरतपासणी उन्हाळ्याआधी आहे. त्यांनी आताच सांगून ठेवले आहे, "या वेळी सकाळी जाऊ, ऊन व्हायच्या आत."