कचऱ्याची वीज कोणाच्या घरात?



कचऱ्यापासून वीज! घोषणा ऐकली की पांढरपेशांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. घाण गेली, दिवा लागला, विज्ञान जिंकलं! आम्ही एवढंच विचारतो: जाळणार काय?

गोदीत गोणी पाठीवर घ्यायच्या आधी आम्ही आत काय आहे ते बघतो. शहराचा कचरा तसाच बघा. निम्म्याच्या आसपास ओला. देठं, भात, खरकटं. पाणी जळतं काय रे? १९८७ साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कची भट्टी बसवली. रोज ३०० टन कचरा, पावणेचार मेगावॅट वीज, असा हिशेब. ओला, मातकट कचरा पेटेना. कारखान्याला टाळं लागलं.

मग भट्टीला लागतं काय? कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, चिंध्या. नेमकं तेच, जे मुंबईत देवनारच्या डोंगरावर आपल्या आयाबहिणी वाकून वाकून वेचत आल्या, भंगारवाल्याला विकून चूल पेटवत आल्या. म्हणजे ही भट्टी पेटणार कोणाच्या चुलीतलं सरपण ओढून?

खेळ जुनाच आहे. मेलेलं ढोर ओढायचं होतं तोवर ते आमचं. कातड्यात पैसा दिसला तसे शेटजी कारखाने घालून बसले. आज कचऱ्यात पैसा दिसतोय. घाण आमची, धंदा त्यांचा!

१९२७ पासून मुंबईने देवनारला कचरा ओतला. जानेवारी २०१६मध्ये तो पेटला, धूर शहरभर गेला, तेव्हा कुठं साहेब लोक खोकले. गोवंडी त्याआधीपासून खोकतच होती.

मग वीज आम्हाला नको? हट्! व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना १९४३ साली बाबासाहेबांनीच स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. आम्ही तेच मागतो. ओलं-सुकं तुमच्या घरात वेगळं करा, हात झडणार नाहीत. ओलं बंद टाकीत कुजवा. हवा लागली नाही की त्यातून मिथेन निघतो, त्यावर इंजिन फिरतं, वीज होते. उरलं ते खत. सुकं वेचणाऱ्यांच्या हाती द्या. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार केला, दारोदार कचरा उचलला. म्हणजे हे होतं. करायचं नसतं, एवढंच!

टाकीवरची नोकरी वेचणाऱ्यांना, कायम आणि पगारी. पहिली तार डंपिंगलगतच्या वस्तीत. शहराची घाण पिढ्यान्‌पिढ्या आम्ही वाहिली. आता तिचा उजेडही आमच्या हिशेबात धरा. नाही धरलात, तर हिशेब मागायला आम्ही येतोच आहोत.