यंत्र थांबत नाही



‘एकट्या कीबोर्डवादकाने स्टाइल लावली तर बिघडले काय?’ अशा आशयाचे पत्र गेल्या अंकात वाचले. बिदागीचा मुद्दा मान्य. ढोलकीवाल्याचे पैसे वाचतात, हे मीही ऑर्केस्ट्रात वाजवून जाणतो. पण ‘ऐकणाऱ्याला फरक कळत नाही’ हे काही पटले नाही.

स्टाइल म्हणजे कीबोर्डमधली तयार साथ; ती ठरलेल्या लयीत धावते. डाव्या हाताने कॉर्ड धरायची. बेस, गिटार, ड्रम यंत्र पुरवते. गायिकेने अंतऱ्याच्या शेवटी एखादी जागा लांबवली की वादक थांबतो, यंत्र थांबत नाही. मग समेवर कोण कोणाची वाट पाहणार? एका गणेशोत्सवात मी तालाचा मधला तुकडा वाजवणाऱ्या फिलऐवजी एंडिंगचे बटण दाबले आणि गाणे पहिल्या कडव्यानंतरच संपले. टाळ्या पडल्या, हे विशेष!

तेव्हापासून कार्यक्रमात स्टाइल बंद. डाव्या हाताला बेस, उजव्या हाताला कॉर्ड आणि गाण्यातल्या भरायच्या जागा. सुरुवातीला फार पोकळ वाटले. पण तबलजी सोबत असेल तर दादऱ्याच्या पहिल्या मात्रेला षड्ज आणि चौथीला पंचम एवढ्यावरही गाणे उभे राहते. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी गाजवलेल्या अ‍ॅकॉर्डियनलाही डावीकडे तयार कॉर्डची बटणे असतातच की. पण भाता वादकाच्याच हातात असतो.

सरावाला स्टाइल खुशाल लावावी. मीही लावतो, घरी, दार लोटून.

— एक कीबोर्डवादक, सातारा