खाणीच्या पोटातले पाणी

शिरगाव म्हटले की प्रत्येक गोमंतकीयाच्या डोळ्यांसमोर लईराईचे होमकुंड आणि ओलेत्याने निघालेले व्रतस्थ धोंड उभे राहतात. ज्या गावाच्या व्रताला स्नानावाचून पूर्णता नाही, त्याच गावाच्या विहिरी भोवतालच्या लोहखनिजाच्या खाणींमुळे आटल्या, शेतांत खाणीची माती शिरली आणि ग्रामस्थांना मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागावी लागली, ही गोष्ट फार जुनी नव्हे. पुढे ‘नीरी’च्या शास्त्रज्ञांनी त्या पाण्याची पाहणी केली. पाहणी झाली हे योग्यच झाले. पण ती पाणी गेल्यावर झाली. वैद्य आला तो नाडी पाहायला नव्हे, प्रेतपरीक्षेला.

या प्रकरणाची आठवण आज देण्याचे कारण उघड आहे. २०१२ च्या सप्टेंबरात थांबलेला, मध्यंतरी मर्यादित प्रमाणात सुरू होऊन २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा बंद पडलेला खाणव्यवसाय लिलावाच्या मार्गाने परतला आहे. २०२२ च्या अखेरीस पहिल्या खनिज गटांचा लिलाव झाला आणि २०२४ साली त्यांतली पहिली खाण सुरूही झाली. खाणी बंद पडल्यामुळे ट्रकमालक, बार्जवाले, गॅरेजवाले व कामगार यांची जी वाताहत झाली ती आम्ही पाहिली आहे. खाणी कायमच्या बंद ठेवा, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न एवढाच की, या वेळी तरी पाण्याचा हिशेब आधी होणार की नंतर?

हा हिशेब गोव्यात इतरत्रापेक्षा अधिक नाजूक आहे, कारण आपल्या भूमीची रचनाच तशी आहे. वर जांभ्या दगडाचा थर, त्याखाली चिकणमाती आणि त्याखाली भुकटीसारखे मऊ लोहखनिज. पावसाचे पाणी मुरत मुरत याच भुकटीत साठते. म्हणजे आपले खनिज आणि आपला जलसाठा या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. खाणमालक जेव्हा पाण्याच्या पातळीखाली उतरतो (आणि डिचोली तालुक्यातील काही खाणी तर समुद्रसपाटीच्याही खाली गेलेल्या आहेत) तेव्हा तो केवळ पाणी उपसत नाही. पाणी साठविणारे भांडेच उचलून जहाजात भरतो. उपसलेले पाणी ओहोळात सोडले जाते, त्याबरोबर गाळ जातो आणि वायंगण शेतीचे मळे तांबडे होतात. वर झर आटलेली, खाली मळा बुजलेला, अशी ही दुहेरी आपत्ती. सत्तरी, धारबांदोडा, सांगे येथील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. शिवाय ओपाचे पाणी ज्या खांडेपार नदीतून येते आणि साळावलीच्या जलाशयात जे पाणी उतरते, त्या खोऱ्यांतही खाणी आहेतच. तेव्हा पणजी-मडगावच्या नळावर विसंबलेल्या नागरिकाने हा खेडवळांचा प्रश्न समजू नये.

कायदा काय म्हणतो? २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोठ्या खाणीस पर्यावरण परवाना लागतो, त्यासाठी परिणामांचा अहवाल लागतो आणि खाण भूजलाला छेदणार असेल तर सविस्तर भूजल अभ्यासही लागतो. कागदावर सारे यथास्थित. परंतु त्याच अहवालासाठी पाण्याची प्रत्यक्ष तपासणी एका ऋतूची असली तरी चालते, आणि तो ऋतू पावसाळा नसावा असा दंडक आहे! ज्या प्रदेशात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो, तेथे पावसाळा वगळून पाण्याची परीक्षा करणे म्हणजे चतुर्थी वगळून गोमंतकीयांच्या सणांचे वर्णन करण्यासारखे आहे. गाळ वाहतो पावसात, डोंगरासारखे मातीचे ढीग खचतात पावसात, विहिरी भरतात पावसात. अहवाल मात्र कोरड्या दिवसांचा. तोही ज्याला खाण हवी त्याच्याच पैशाने तयार होतो. लिलाव आधी आणि ही तपासणी मागाहून, हा क्रमही विलक्षणच. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला बसावे तसा.

येथे एका परक्या देशाचे उदाहरण घेणे अस्थानी होणार नाही. मुरगाव बंदरात कर्नाटकातील पोलाद कारखान्यांसाठी जो कोळसा उतरतो, त्यात ऑस्ट्रेलियाचा कोळसाही असतो. त्या देशाने २०१३ साली आपल्या पर्यावरण कायद्यात दुरुस्ती करून, मोठ्या कोळसा खाणीचा पाण्यावर लक्षणीय परिणाम होण्याचा संभव असेल तर केंद्र सरकारची मंजुरी आवश्यक ठरविली. त्याआधीच, २०१२ मध्ये, केवळ कोळसा व वायूच्या प्रकल्पांचा पाण्यावरील परिणाम तपासण्यासाठी कायद्याने एक स्वतंत्र तज्ज्ञ शास्त्रीय समिती नेमली होती. तिचा सल्ला जाहीर होतो. एका खाणीचा परिणाम शेजारच्या खाणींच्या परिणामांत मिळवून पाहावा, हा तिचा आग्रह असतो.

ऑस्ट्रेलिया काही धर्मराज नव्हे. क्वीन्सलँडमधील कारमायकल या अदानी समूहाच्या खाणीजवळ दूंगमाबुला नावाचे झरे आहेत. तेथील आदिवासी समाजाला ते पवित्र आहेत. भूजल आराखड्याच्या प्रतिकृतीत उणिवा असल्याचे सरकारच्याच शास्त्रसंस्थांनी दाखवून दिले; तरीही २०१९ साली आराखडा मंजूर झाला. पण शंका काय होत्या, त्या कोणी काढल्या, हे तेथील सामान्य नागरिकाला वाचता आले आणि त्या झऱ्यांचे पाणी कोठून येते याचा अधिक अभ्यास करण्याचे बंधन खाणीवर पडले. आपण त्यांचा कोळसा आणतो, धूळ मुरगाववासीयांच्या घरांत येते, तो कायदा मात्र आपल्या बंदराला लागत नाही.

गोव्याला निराळा कायदा करण्याचीही फारशी गरज नाही. राज्याचा २००२ चा भूजल नियमन कायदा अस्तित्वात आहे. परसात विहीर खोदणाऱ्या गृहस्थाला त्याचा जाच होतो, मग शंभर विहिरींचे पाणी ओढणाऱ्या खड्ड्याला तो तितक्याच कसोशीने का लागू नये? डिचोलीतील एकमेकांना लागून असलेल्या गटांचा अहवाल वेगवेगळा न काढता एकत्र काढावा. विहिरींच्या पातळीची नोंद दोन पूर्ण वर्षे, पावसाळ्यासह, जलसंपदा खात्याने स्वतः ठेवावी आणि त्याचा खर्च खाणपट्टेदाराकडून सरकारी तिजोरीत जमा करून घ्यावा; अहवाललेखकाचे मानधन खाणमालकाच्या हातून जाऊ नये. पातळी अमुक हातांनी खाली गेली की पंप बंद, हा आकडा परवान्यातच लिहिलेला असावा. तो आकडा नसला की नंतरचे सारे भांडण ‘पाऊस कमी पडला’ या एका उत्तरावर येऊन थांबते, हा अनुभव आहे.

आणखी एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. बंद खाणींच्या खड्ड्यांत साचलेले पाणी उन्हाळ्यात उपसून नदीत सोडून नळयोजना चालविण्याचा मार्ग सरकारनेच पत्करला होता. म्हणजे हे खड्डे आज नुसते खड्डे राहिलेले नाहीत. तेथे पुन्हा खनिज काढण्याआधी ते पाणी कोणत्या गावाच्या वाट्याचे होते आणि त्याच्या बदली कोठले पाणी देणार, हे खाण खात्याने नव्हे, पाणीपुरवठा खात्याने लेखी सांगावयास हवे. यापुढील प्रत्येक जनसुनावणीत ते निवेदन आणि विहिरींच्या नोंदीची वही, मराठीत व कोकणीत, टेबलावर असावी. नसेल तर ग्रामस्थांनी सुनावणी तहकूब करण्याची मागणी करावी.