सगळ्यांची लांबी ३९९५ मिलिमीटरच कशी? गाड्यांचं डिझाइन ठरवणारं टॅक्सचं गणित

मित्रांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक गाडीवेडा असतोच. आमच्याकडेही आहे. कुणी नवीन गाडी घ्यायचं नाव काढलं की याची ठरलेली मतं सुरू होतात. "ती कसली एसयूव्ही, हॅचबॅकला उंच टाचा घातल्यात नुसत्या." "त्या सेडानची डिकी बघ, मागून करवतीनं कापल्यासारखी."

ऐकायला मजा येते. पण एकदा गाड्यांचे आकडे शेजारी मांडून बघा. टाटा नेक्सॉन, मारुती ब्रेझा, ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट, स्कोडा कायलॅक आणि मारुती डिझायर. पाच कंपन्या, सहा गाड्या आणि लांबी सगळ्यांची ३९९५ मिलिमीटर. म्हणजे चार मीटरला फक्त ५ मिलिमीटर कमी.

हा योगायोग नाही. आपल्या मित्राला जी डिझाइनची चूक वाटते, ती खरंतर टॅक्सची पट्टी आहे.

ही पट्टी आली कुठून?

२००६ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरची एक्साइज ड्युटी २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणली. भारत लहान गाड्या बनवणारा मोठा देश व्हावा, हा हेतू होता. पण लहान गाडी म्हणजे कोणती? तर लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत.

कंपन्यांनी मग मोजपट्टी काढली. २००८ मध्ये टाटानं इंडिगोची लांबी कमी करून इंडिगो सीएस आणली. मारुतीची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटरची होती, २०१२ ची डिझायर ३९९५ ची झाली. ती १६५ मिलिमीटर कुठून गेली, हे डिकी बघितल्यावर कळतं. पुढं फोर्ड इकोस्पोर्ट आणि ब्रेझा आल्या आणि कंपन्यांना आणखी एक गोष्ट उमगली. नियम लांबी मोजतो, उंची आणि रुंदी मोजत नाही. मग गाड्या वर वाढल्या. 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' हा प्रकार भारतात असा फोफावला.

२२ सप्टेंबर २०२५ नंतर काय बदललं?

२०१७ ला जीएसटी आला तरी व्याख्या तीच राहिली. लहान पेट्रोल गाडीवर सेससकट २९ टक्के टॅक्स होता, तर मधल्या आकाराच्या गाडीवर ४५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला. लहान गाडीवर १८ टक्के, बाकीच्यांवर ४० टक्के.

टॅक्स दोन्हीकडे कमी झाला, त्यामुळं बातम्या 'गाड्या स्वस्त' अशा झाल्या. पण दोघांमधलं अंतर बघा. आधी ते १६ टक्क्यांचं होतं, आता २२ टक्क्यांचं आहे.

समजा टॅक्स लागण्याआधी गाडीची किंमत ८ लाख आहे. लहान गाडीच्या व्याख्येत बसली तर ती ९ लाख ४४ हजारांना पडते. नाही बसली तर ११ लाख २० हजारांना. फरक १ लाख ७६ हजारांचा. हाच फरक जुन्या दरांनी १ लाख २८ हजार होता. शिवाय महाराष्ट्रात आरटीओचा टॅक्सही किमतीच्या टक्केवारीत लागतो, म्हणजे अंतर आणखी वाढतं.

थोडक्यात, चार मीटरच्या आत राहण्याचं बक्षीस वाढलंय.

थार लहान आणि जिम्नी मोठी?

खरी गंमत इथं आहे. महिंद्रा थारची लांबी ३९८५ मिलिमीटर. तिचं रिअर व्हील ड्राइव्हचं डिझेल इंजिन १४९७ सीसीचं. म्हणजे कागदोपत्री ही लहान गाडी, टॅक्स अल्टोएवढाच, १८ टक्के. मारुती जिम्नीची लांबीही ३९८५. ती थारपेक्षा अरुंद आहे, हलकी आहे. पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून टॅक्स ४० टक्के.

ब्रेझाचंही तसंच. लांबी नियमात बसते, पण १४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन बसत नाही. नेक्सॉनचं ११९९ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन त्यापेक्षा जास्त ताकद देतं, तरी १८ टक्क्यांत बसतं. गाडी किती धूर सोडते, किती जड आहे, रस्त्यावर किती जागा खाते, यातलं काहीच जीएसटीच्या व्याख्येत नाही.

जपाननं हे वेगळ्या पद्धतीनं केलं. तिथल्या 'के कार'ला लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन ६६० सीसी अशी मर्यादा आहे. चारही बाजूंनी बांधल्यामुळं तिथली लहान गाडी खरंच लहान राहते.

मग नियम वाईटच का?

तसंही नाही. पुण्यातल्या पेठांमध्ये गाडी लावून बघा, चार मीटरचं महत्त्व लगेच कळेल. दुचाकीवरून पहिल्यांदा चारचाकीकडे येणाऱ्या घराला कमी टॅक्सचा खरा आधार आहे. आणि 'चार मीटरची गाडी म्हणजे डबा' हे मतही टिकत नाही. नेक्सॉननं २०१८ मध्ये आणि नव्या डिझायरनं २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळवलेत.

प्रश्न सवलतीचा नाही, मोजायचं काय याचा आहे. इलेक्ट्रिक गाड्यांवर सरसकट ५ टक्के जीएसटी आहे, लांबीची अट नाही. म्हणूनच महिंद्राची एक्सईव्ही ९ई बिनधास्त पावणेपाच मीटरच्या पुढं जाते. पट्टी काढली की डिझाइन कसं बदलतं, याचं उदाहरण समोरच आहे.

तोवर गाडी घेताना नाव बघून टॅक्सचा अंदाज बांधू नका. एकाच थारच्या छोट्या डिझेलला १८ टक्के लागतात आणि फोर बाय फोरला ४० टक्के. आपण घेतोय त्या व्हेरियंटची लांबी किती आणि इंजिन किती सीसीचं, हे दोन आकडे शोरूममध्ये विचारून घ्या.

आणि पुढच्या वेळी मित्र कापलेल्या डिकीला हसला, तर त्याला सांगा, करवत कंपनीनं चालवली असेल, पण कुठं कापायचं याची खूण बजेटमध्ये झाली होती.