स्वरलिपी, साधी अक्षरे आणि संगणक

संगीताचे मुद्रण हे साहित्याच्या मुद्रणाहून नेहमीच अधिक कष्टाचे ठरत आले आहे. व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने १५०१ मध्ये सुट्या खिळ्यांनी बहुस्वरी गीतांचा संग्रह छापला, तेव्हा तोच कागद त्याला यंत्रातून एकाहून अधिक वेळा काढावा लागला. पुढे युरोपात धातूच्या पत्र्यावर ठसे उमटवून स्वरपत्रे कोरणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या झाल्या. आपल्याकडे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी मात्र निराळा मार्ग घेतला. त्यांनी स्वर अक्षरांनी लिहिले. मंद्र सप्तकाला खाली बिंदू, तार सप्तकाला वर बिंदू, कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ आणि एका मात्रेत येणाऱ्या स्वरांखाली कंस एवढ्या सामग्रीवर क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग उभे राहिले. ही लिपी छापखान्याच्या खिळ्यांना बरीचशी सोयीची होती, ही गोष्ट तिच्या प्रसाराच्या कारणांत गणावयास हवी.

अशी अक्षरलिपी लाभलेल्या संगीताचा संगणकावरील संसार सर्वांत सुखाचा व्हावयास हवा होता. तसे झालेले नाही. मराठी मुलखाबाहेरील ज्या विद्यापीठात प्रस्तुत लेखकाने अध्यापन केले, तेथील संगीत विभागात एका दिवंगत गुरुजींच्या बंदिशींच्या वह्या होत्या. पंचवीसएक वर्षांपूर्वी त्या मोठ्या उत्साहाने संगणकावर टंकून घेण्यात आल्या. आज ती फाईल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा निरर्थक कचरा दिसतो. त्या वेळचा फाँट गेला आणि त्याबरोबर बंदिशीही गेल्या. वह्या कसरीने खाल्ल्या असत्या तर आपण हळहळलो असतो. येथे मात्र कोणाला काही गेल्याचे जाणवलेही नाही.

हे दुःख केवळ आपले नाही. पाश्चात्त्य स्वरपत्रे तयार करणारी ‘फिनाले’ ही प्रसिद्ध प्रणाली १९८८ पासून चालत आली होती. तिचा पुढील विकास थांबविल्याचे तिच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले. ज्यांची आयुष्यभराची रचना त्या प्रणालीच्या बंदिस्त फाईलींत होती, त्यांना त्या वेळेवर दुसऱ्या रूपात उतरवून घेणे प्राप्त झाले. आणि ज्या म्युझिकएक्सएमएल रूपाचा त्यांना आधार, तेही अखेर साधा मजकूरच होय.

म्हणून ‘लिलिपाँड’ या नेदरलँड्समधील उद्योगाकडे मी आपल्या संगीत विभागांचे लक्ष वेधू इच्छितो. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघांनी १९९६ मध्ये तो आरंभिला. संगणकाने काढलेली स्वरपत्रे निर्जीव दिसतात, ही त्यांची तक्रार होती; बाखच्या चेलोवादनाच्या रचनांची १९५० मधील हाताने कोरलेली आवृत्ती समोर ठेवून त्यांनी तो डौल यंत्राला शिकविण्याचा यत्न केला. वापरणाऱ्याने मात्र पडद्यावर एकही टिंब ओढावयाचे नसते. साध्या मजकुराच्या फाईलीत तो स्वरांची अक्षरे लिहितो आणि अक्षरापुढे कालमान सांगणारा आकडा घालतो. मग काळ्या खिडकीत ‘लिलिपाँड’ हा शब्द व त्यापुढे फाईलीचे नाव टंकून कळ दाबली की छापण्याजोगे पत्र सिद्ध होते. कोठे अंतर सोडावे, कोणती दांडी वर न्यावी, हे यंत्र ठरविते. संपूर्ण रचना दुसऱ्या पट्टीत नेणे हे एका आज्ञेचे काम असते.

त्यातील दोन गोष्टी आपल्या कानाला ओळखीच्या वाटाव्यात. खालच्या सप्तकासाठी अक्षरामागून स्वल्पविराम आणि वरच्यासाठी अवतरणाची खूण करतात. हे भातखंड्यांचे खालचे-वरचे बिंदूच झाले. गीताचे शब्द निराळे लिहून स्वरांखाली बसविले जातात आणि लांबलेल्या अक्षरापुढे खूण येते. आपला अवग्रह याहून निराळे काय करतो? स्वरांची नावे तेथे मुळात डच पद्धतीची, परंतु जर्मन, इटालियन, स्पॅनिश अशी इतर नावेही चालतात. सा-रे-गला तेथे कोणी मज्जाव केलेला नाही. आपणच दार ठोठावले नाही.

अर्थात लिलिपाँड मुख्यतः पाच रेघांच्या लिपीसाठी रचलेले आहे आणि ते जसेच्या तसे उचलावे असे माझे म्हणणे नाही. घ्यावयाचे आहे ते तत्त्व: जतन करावयाची संहिता वेगळी आणि छापील रूप वेगळे. आपण नेमकी येथेच गल्लत करतो. मंद्र गंधार दाखविण्यासाठी ‘ग’खाली नुक्ता देणारे टंकलेखक मी पाहिले आहेत. कागदावर तो शोभतो. संगणकाच्या लेखी तो उर्दू शब्दांतला ‘ग़’ होतो आणि शोध घेता गंधार सापडत नाही. त्यापेक्षा मंद्र, तार, कोमल, तीव्र यांसाठी कळफलकावरील साध्या खुणा एकदा ठरवाव्यात, विभाग आणि ताल निराळ्या ओळीत लिहावे आणि बिंदू, रेघा, कंस काढण्याचे काम आज्ञेवर सोपवावे. बंगालची आकारमात्रिक स्वरलिपी किंवा १९०४ मध्ये तेलुगू लिपीत निघालेले सुब्बराम दीक्षितरांचे ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ पाहिले, म्हणजे हा प्रश्न एका प्रांताचा नाही हे कळते.

यावर गायकमंडळी म्हणतील की मींड आणि आंदोलन कोणत्या खुणेत मावणार? मावणार नाहीतच. भातखंड्यांनाही हेच ऐकावे लागले, आणि तरीही त्यांच्या पुस्तकांवाचून आज कोणत्याही विद्यापीठातील वर्ग चालत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: काळी खिडकी पाहून संगीताचा विद्यार्थी बिचकतो. पण तालाचे ठेके दुगुण-चौगुणीत मांडणाऱ्याला दहा-बारा खुणा जड जाव्यात असे मला वाटत नाही.

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही त्या गुरुजींच्या मूळ वह्या पुन्हा काढल्या आणि काही बंदिशी युनिकोडात, साध्या खुणांनी उतरविल्या. मालकंसाच्या एका अंतऱ्यात धैवताची कोमल खूण माझ्या हातून राहिली होती. मालकंसात शुद्ध धैवत येतोच कसा, असे संगणकाला विचारून एका विद्यार्थिनीने ती ओळ क्षणात शोधून काढली. एक चिन्ह घातले आणि पान पुन्हा छापून घेतले.